खालच्यानं फक्त ऐकायचं

विहिरी खोदणाऱ्या माणसांत एक बोलणं आहे. खाली उतरलेल्याचा जीव वरच्याच्या कानात असतो. व्यंकटरावांना हे बोलणं ठाऊक होतं. वडिलांच्या हाताखाली विहिरीच्या काठावर वाढलेला माणूस तो. अडाणी असता तर मी एवढा चिडलो नसतो. ज्याला कळतं आणि तरी जो करतो, त्याचा राग कसा गिळायचा ते मला अजून जमलेलं नाही.

त्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं. टीव्हीवाल्यांनी ती रेल्वे हारतुऱ्यांसकट दाखवली. आमच्या गावाला कुठली रेल्वे? देवणीच्या वाटेवर, फाट्यापासून आत, माळाच्या खळग्यात आमचं गाव. आड आटले, बोअर नुसता फुसफुस वारा टाकायला लागले. व्यंकटरावांच्या मळ्यातल्या विहिरीत तेवढी तळाशी ओल होती. त्यांचे टँकर होते, त्यामुळं ती ओल गावोगाव विकली जायची. दुष्काळ सगळ्यांनाच वाईट असतो असं काही नाही. काहींचं त्यातच पीक येतं.

त्याच उन्हाळ्यात नव्या जिल्ह्याचं वारं सुटलं. लातूर वेगळा झाला, आता उदगीर वेगळा करा, म्हणून फाट्यावर मंडप उभा राहिला आणि साखळी उपोषण सुरू झालं. व्यंकटराव कृती समितीचे अध्यक्ष. साखळी उपोषणात रोज नवी माणसं बसतात, अध्यक्ष मात्र रोज बसायचे, कारण रोज कुणी ना कुणी फोटो काढायला यायचं. नवा जिल्हा झाला की नवी जिल्हा परिषद येणार, तिच्यात नव्या खुर्च्या येणार, आणि त्यातली एक आपल्या मापाची असणार, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं.

अडचण एवढीच होती की विहीर खोल करायचं कामही तेव्हाच काढलेलं. एक माणूस मंडपात आणि मळ्यात एकदम कसा बसणार? मळा खळग्यात, तिथं मोबाइलला रेंज नाही. फाट्यावरून यारीचा, म्हणजे विहिरीतला दगड तारेनं वर ओढायच्या यंत्राचा, लोखंडी सांगाडा तेवढा दिसायचा. बाकी काही नाही. मग व्यंकटरावांना औशाला आलेल्या एका मंत्र्याचे पोलीस आठवले. त्यांच्या कानात गुंडाळ्या वायरी होत्या आणि ते कुणाकडं न बघता, ओठ न हलवता बोलत होते. व्यंकटरावांना ते फार आवडलेलं. म्हणाले, "आपण बी तसलंच घ्यायचं. हात मोकळं पायजेत."

हात मोकळे कशाला पाहिजेत, तर उपोषणाला बसलेल्या माणसाचे हात जोडलेले असावे लागतात म्हणून.

नांदेडला सिक्युरिटीवाल्यांचं सामान चांगलं मिळतं असं कुणी सांगितलं. जीप काढली. चालवायला निवृत्ती, मागं यारीवाला नरसिंग. नरसिंगला नेलं त्याच्या डोक्याचं माप पाहिजे म्हणून. खाली उतरणारा लिंबाजी, त्याला नेलं नाही. नांदेडात जे झालं ते निवृत्तीनं पुढं मला सांगितलं, आणि दर वेळी तेच शब्द सांगितले, म्हणून माझा त्यावर विश्वास आहे.

दुकान वजिराबादच्या बाजूला, दुकानदार बसलिंगप्पा नावाचा, देगलूरकडचा. त्यानं काचेवर वॉकीटॉकीचे सेट मांडले आणि त्यांना लावायचे हेडफोन एकेक करून दाखवले. कानाला अडकवायचा, डोक्यावरून बसवायचा, गळ्याला चिकटवायचा.

"एक ध्यानात ठिवा साहेब," तो म्हणाला. "हे मोबाइलवानी नसतंय. एक बोलायला लागला की बाकीच्यांनी गप ऱ्हायचं. दोघं एकदम बोलले तर पोचत न्हाई. म्हणून हे बटन. दाबायचं, बोलायचं, सोडायचं, मग दुसऱ्याचं ऐकायचं."

"आन् हात जोडून बसलेल्यानं बटन कसं दाबायचं?"

"मंग हा घ्या." बसलिंगप्पानं तोंडापुढं बारीक दांडी येणारा एक काढला. "ह्याला बटन न्हाई. आवाज झाला की आपोआप चालू. पण सांगतो, भवताली गलका आसंल, न्हाईतर बोलणारा लई बोलका आसंल, तर हा घिऊ नका. गलक्यानं बी हे चालूच ऱ्हातंय. आन् तुमचं चालू हाय तवर दुसऱ्याचं तुमाला ऐकू येणार न्हाई."

"दुसऱ्याचं ऐकायला मी पैसे मोजायलोय का?" व्यंकटराव म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. बसलिंगप्पाही हसला. गिऱ्हाईक हसलं की दुकानदारानं हसायचं असतं.

नरसिंगसाठी दोन्ही कान झाकणारा, जाड गाद्यांचा घेतला. यारीचं डिझेल इंजिन शेजारी धडधडतं, मालकाचा हुकूम त्यात बुडायला नको. नरसिंग पिकल्या केसांचा, कुणापुढं मान वर न करणारा माणूस. पण तो म्हणाला, "मालक, येक कान उघडा ऱ्हाऊ द्या. खालून हाक आली तर कळाय पायजे."

"हाक माझी यील. ती ऐक."

राहिला लिंबाजीचा. बसलिंगप्पानं कानात घालायचा, छातीवर बटन आणि माइक असलेला एक पुढं केला. "खाली काम करणाऱ्याला ह्यो बरा. मातीचे हात आसले तरी दाबता येतंय."

व्यंकटरावांनी तो उलटापालटा करून बघितला. मग विचारलं, "ह्यातलं बोलणं बंद करता येतंय का?"

"बोलणं बंद?" बसलिंगप्पाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "साहेब, दोन्हीकडून बोलायसाठीच तर आसतंय हे."

"ते मला ठावं हाय. येतंय का न्हाई, तेवढं सांगा."

येत होतं. कॉम्प्युटरला सेट जोडून तसं करून देता येतं म्हणाला. "मग बटन दाबलं तरी आवाज जाणार न्हाई. नुसतं टूंऽ वाजंल त्याच्या कानात."

"वाजू द्या की. तेवढीच करमणूक त्याला."

नरसिंग मागून पुन्हा म्हणाला, "मालक, खालच्याला तर बोलावंच लागतंय..."

"खालच्यानं फक्त ऐकायचं," व्यंकटराव म्हणाले. तेवढ्यावर विषय संपला. बसलिंगप्पानं कॉम्प्युटर उघडला आणि लिंबाजीची जीभ कापली. मला तरी याला दुसरा शब्द सुचत नाही.

एवढा दात लिंबाजीवर का? त्याचं उत्तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. लिंबाजी बुद्धनगरातला. सुरुंगासाठी खडकात भोक कुठं पाडायचं ते त्याच्याइतकं तालुक्यात कुणाला कळत नव्हतं, आणि ग्रामसभेत उभं राहून बोलायची खोडही त्याच्याइतकी कुणाला नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यानं भरसभेत विचारलं, "सरकारी टँकर गावात येतंय म्हणता, तर बुद्धनगरात ते आजवर का आलं न्हाई? कुणाच्या विहिरीत रिकामं होऊन राहिलंय ते तरी सांगा." कुणाच्या ते सगळ्यांना माहीत होतं. सगळे चपलांकडं बघत बसले. व्यंकटराव त्या दिवशी नमस्कार करून उठून गेले.

नंतर विहिरीचं काम निघालं तेव्हा त्यांनी लिंबाजीलाच निरोप धाडला. तू खाली उतर, मी रोज एक टँकर बुद्धनगरात उभा करतो. लिंबाजीनं हो म्हटलं. बाया कोसभर लांबून हंडे आणत होत्या, तो दुसरं काय म्हणणार होता? त्याची बायको पारूबाई आणि शेजारची केवळाबाई वर दगड रिकामा करायला लागल्या.

आता घंटीचं सांगतो, कारण पुढं ती लागणार आहे.

आमच्याकडं विहिरीवर एक रीत होती. यारीच्या खांबाला बैलाची पितळी घंटी बांधायची आणि तिची दोरी तळापर्यंत सोडायची. खालून एक ठोका आला की थांब. दोन आले की उचल. तीन आले की माणूस संकटात आहे, आणि तेव्हा यारीवाल्यानं कुणाला विचारायचं नाही. मालक जेवत असो, झोपला असो, तीन ठोके म्हणजे आधी माणूस वर, मग मालक. व्यंकटरावांच्या विहिरीवरची घंटी त्यांच्या वडिलांच्या देवणी जातीच्या बैलाची. म्हाताऱ्यानं ती स्वतःच्या हातानं खांबाला बांधली होती.

नांदेडहून आल्यावर व्यंकटरावांनी ती सोडवली. "आता कानात मशीन हाय, घंटी कशाला? चोवीस तास टणटण करून कामं बंद पाडता." आणि ती नेऊन मंडपाच्या तोंडाशी बांधलेल्या आपल्या देवणी वळूच्या गळ्यात घातली. तो वळू आंदोलनाची शान म्हणून तिथं उभा केलेला. मंडपात सांगितलं, विहिरीला पाणी लागलं की हीच घंटी वाजवीन, आणि पहिली घागर इथं आणून नव्या जिल्ह्याच्या नावानं पुजीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लिंबाजीला सेट दिला तेव्हा त्यानं कानात घातला, बटन दाबलं, वाट बघितली, पुन्हा दाबलं.

"मालक, ह्याला जीभ न्हाई."

"तुला हाय की," व्यंकटराव म्हणाले. "गावाला तेवढी बास झाली."

भोवतीची माणसं हसली. लिंबाजी हसला नाही.

पारूबाई मात्र पदर खोचून पुढं झाली. "घंटी बी नेली, आन् ह्यात बोलता बी येत न्हाई. मंग खाली काय झालं तर वर कळायचं कसं?"

"मी हाय की. मला फाट्यावरून समदं दिसतंय."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण शेळ्यांना निदान उंटावरच्याचं तोंड तरी दिसतं.

मग रोजचं सुरू झालं. व्यंकटराव मंडपात गादीवर हात जोडून बसायचे, गळ्यात उपरणं, उपरण्याआड ती दांडी, आणि तिथून नरसिंगला हुकूम द्यायचे. सोड. थांब. उचल. त्यांच्या हुकुमाशिवाय तार हलायची नाही. नरसिंगला माइक होता, पण मालकांचं तोंड बंद असेल तेव्हाच त्याचं पोचायचं, आणि ते कधी बंद असायचं? अधूनमधून ते लिंबाजीकडं वळायचे. "लिंब्या, ग्रामसभेत लई बोलत होतास. बोल की आता. ऐकायलोय मी." खाली तळाला, घाम गाळत दगड भरणाऱ्या माणसाच्या कानात हे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कानातून काढून टाकावं तर दगड ओढायचा लोखंडी डबा केव्हा खाली सुटतोय ते कळणार नाही आणि डोक्यात बसेल. म्हणून तो ऐकायचा.

एकदा खालून तार हलली. लिंबाजीच्या पायावर धोंडा सरकला होता, आणि घंटी नाही म्हणून त्यानं हातानं तारच हलवली. नरसिंगनं हुकमाची वाट न बघता त्याला वर घेतलं. फाट्यावरून सांगाडा फिरलेला व्यंकटरावांना दिसला. जीप घेऊन आले. लिंबाजीचा सुजलेला पाय त्यांनी बघितला, आणि नरसिंगला म्हणाले, "कान धर."

पिकल्या केसांच्या माणसानं काठावर, बायांसमोर, कान धरून उठाबशा काढल्या. व्यंकटराव मोजत होते. मोजताना मध्येच चुकायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. शेवटी म्हणाले, "पुन्ना हुकमाबिगर उचललंस तर यारीवर दुसरा माणूस बसंल."

नरसिंग खाली बघत हो म्हणाला. केवळाबाई सांगते, त्यानंतर त्यानं डोक्यावरचा तो हेडफोन जेवतानाही काढला नाही.

शेवटच्या दिवशी मुंबईहून कुणी मोठा पुढारी मंडपाला भेट देणार होता. व्यंकटरावांना त्याच दिवशी घागर पाहिजे होती. खडकाखाली पाणी आलं होतं, एक थर फुटला की लागणार, असं लिंबाजीच म्हणाला होता. सकाळी सुरुंग उडवला. आता सुरुंग उडवल्यावर तो दिवस तसाच सोडायचा असतो, हे विहिरीवरच्या पोरासोरांनाही माहीत असतं. धूर दिसेनासा होतो पण वास तळाला बसून राहतो. आधी डोकं जड होतं, मग गुडघे जातात, आणि मग माणूस जिथं असेल तिथंच राहतो. घाईच असेल तर लिंबाची मोठी फांदी तारेला बांधून बराच वेळ वरखाली करतात, हवा हलवतात.

लिंबाजी फांदीच बांधत होता. सांगाड्याला लटकलेली ती फांदी फाट्यावरून दिसली असावी, कारण कानात आवाज आला. "फांद्या काय बांधायलास? लग्नाचा मांडव हाय का? उतर."

त्यानं नरसिंगला खुणेनं सांगितलं, सांग त्यांना. नरसिंग माइकमध्ये म्हणाला, "मालक, धूर हाय आजून. उद्या उतरतो म्हणायलाय."

"उद्या पुढारी तुज्या बापाकडं येणार हाय का?" मग आवाज खाली आला, गोड झाला. "लिंब्या, तुला बोलता येत न्हाई, मी सांगतो ते ऐक. टँकर आत्ता बुद्धनगरात हुबा हाय. बाया रांगेत हायत. नळी सोडलेली न्हाई आजून. उतरतोस, का टँकर माघारी बलावू?"

लिंबाजी काठावर उभा होता. खळग्याच्या त्या टोकाला बुद्धनगर दिसतं. टँकर उभा दिसत होता, हंड्यांची रांग दिसत होती. त्यानं उपरणं भिजवून नाकातोंडाला बांधलं.

"नका उतरू," पारूबाई म्हणाली. "आज ऱ्हाऊ द्या वो."

"पातळ झालाय की धूर. उगं भ्यायलीस." एवढंच बोलून तो डब्यात बसला. त्याचं शेवटचं बोलणं तेच.

नरसिंगनं हुकमाबरोबर तार सोडली. लिंबाजी खाली उतरला, डबा तळाला टेकला, तार सैल पडली. आणि त्याच वेळेला फाट्यावर गाड्या आल्या. तोफांसारख्या फटाक्यांची माळ लागली. लाउडस्पीकर सुरू झाला. व्यंकटराव उठून उभे राहिले आणि त्यांनी पहिली घोषणा दिली.

बसलिंगप्पानं सांगितलं होतं तसंच झालं. गलक्यानं त्यांचा माइक उघडला आणि उघडाच राहिला. नरसिंगच्या दोन्ही कानांत, लिंबाजीच्या एका कानात, एकच सुरू झालं. नवा जिल्हा झालाच पाहिजे. कोण म्हणतो देणार नाही, घेतल्याशिवाय राहणार नाही.

पारूबाई काठावर पालथी पडून आत बघत होती. तळ धुरकट होता, माणूस दिसत नव्हता. मग तार हलली. थोडी थांबली, पुन्हा हलली, आधीपेक्षा हळू.

"नरसिंगदादा! तार हालायली! उचला!"

नरसिंगचे कान झाकलेले. पण तार त्यालाही दिसली. त्यानं माइक तोंडाशी धरला. "मालक, तार हालून राहिली. उचलू का? मालक, उचलू का?" कानात घोषणा. पुन्हा म्हणाला. पुन्हा घोषणा. त्याचा हात दांड्यावर होता आणि नजर त्या जागेवर होती जिथं त्यानं उठाबशा काढल्या होत्या. मी त्याला दोष देणार नाही. माणसाला एकदा कान धरायला लावलं की त्याचे हात बराच काळ कानांजवळच राहतात.

पारूबाई धावली. तिनं त्याच्या डोक्यावरचा हेडफोन दोन्ही हातांनी उपटला आणि सेटसकट फेकला. तो इंजिनच्या पट्ट्यात गेला आणि त्याचे तुकडे झाले.

"उचला म्हणते ना! माणूस हाय खाली!"

नरसिंगनं दांडा ओढला.

डबा वर आला. लिंबाजी त्यात होता. अर्धा आत, अर्धा काठावर ओणवा. तो पडला नव्हता, तो स्वतः डब्यात चढला होता, म्हणजे त्याला कळलं होतं आणि तो वाट बघत होता. उजव्या हाताचा अंगठा सेटच्या बटनावर दाबून धरलेला. चेहरा गुलाबी दिसत होता, नुकताच झोपल्यासारखा. कानातल्या वायरीतून बारीक आवाज येत होता. टूंऽ.

बाभळीखाली निजवला. नरसिंग छाती दाबायला लागला. केवळाबाईनं नाकाशी हात धरला, म्हणाली, "ऊन लागतंय गं हाताला. हाय. दवाखान्यात न्या." देवणीला न्यायला गाडी पाहिजे. मळ्यात रेंज नाही. नरसिंगचा माइक पट्ट्यात गेलेला. जीप एकच, फाट्यावर, मंडपाच्या मागं.

पारूबाईनं लिंबाजीचा अंगठा बटनावरून सोडवला. सेट काढून घेतला, वायर आपल्या कानात घातली, आणि पळाली. पळता पळता बटन दाबून ओरडत होती, "मालक, जीप धाडा! मालक!" टूंऽ. तिला ठाऊक होतं ते बोलत नाही. लिंबाजीलाही ठाऊक होतं. तरी माणूस दाबतो.

सगळा चढ ती व्यंकटरावांचं बोलणं ऐकत चढली. घोषणा थांबल्या की ते उपरण्यात तोंड घालून खालच्याशी बोलायचे. "लिंब्या, लागलं का रे पाणी? घागर भरून ठिव. आन् ऐक, पुढल्या ग्रामसभेत माज्या बाजूनं हात वर कर, मग बघ टँकर कसा रोज येतोय. बोलू नको. नुसतं ऐक." मग पुन्हा घोषणा. तिच्या पायात चप्पल नव्हती. माळाचे दगड भाजत होते.

मंडपाजवळ आल्यावर तोच आवाज तिला दोन्हीकडून यायला लागला, कानातून आणि स्पीकरमधून. ती ओरडत आत घुसायला बघत होती. "जीप द्या! माणूस मरायलाय माजा!" स्पीकरपुढं तिचं कुणाला ऐकू जाणार? पांढऱ्या टोप्यांच्या स्वयंसेवकांनी दोरी धरली होती. एकानं तिला दंडानं मागं सारलं. "बायांची जागा तिकडं हाय मावशे. तिकडून." तिनं व्यासपीठाकडं हात केले. व्यंकटरावांनी तिला बघितलंही, आणि तिला हात जोडून नमस्कार केला. त्या दिवशी ते सगळ्यांनाच करत होते.

मग तिला तो वळू दिसला. झूल घातलेला, शिंगं रंगवलेली, आणि गळ्यात ती घंटी.

तिनं वळूच्या गळ्याला मिठी घालून घंटी धरली आणि ठोके दिले. एक. दोन. तीन. पितळेचा आवाज स्पीकरच्या वरनं गेला. मंडपातला गलका थांबला. ती पुन्हा तीन ठोके देऊन थांबली, ओरडायला आता तिच्यात दम उरला नव्हता, आणि व्यासपीठाकडं बघत राहिली. विहिरीवर वाढलेला माणूस आहे, तीन ठोके त्याला कळतील, एवढीच तिची आशा होती.

विहिरीवरची बाई मातीनं माखून पळत येते आणि घंटी वाजवते, याचा अर्थ मंडपाला आठवडाभर आधीच सांगून ठेवलेला होता. कुणीतरी ओरडलं, "लागलं! पाणी लागलं!" आणि सगळा मंडप उठला. गुलाल उडाला. ताशा सुरू झाला. तिच्या अंगावरही गुलाल पडला. पुढाऱ्यानं आपल्या गळ्यातला हार काढून व्यंकटरावांच्या गळ्यात घातला. त्या गर्दीत निवृत्ती तेवढा तिच्यापाशी पोचला, तिचं तोंड बघून त्याला कळलं, आणि तो जीपकडं पळाला. पण जीपपुढं माणसं नाचत होती.

त्याच सुमाराला बाभळीखाली केवळाबाईनं पुन्हा लिंबाजीच्या नाकाशी हात धरला. बराच वेळ धरला. मग त्याचे डोळे मिटले आणि नरसिंगला म्हणाली, आता नका दाबू छाती.

आणि मंडपात व्यंकटरावांनी गळ्यातला हार बाजूला करून ती दांडी तोंडापुढं ओढली.

"नरश्या," ते म्हणाले, "पाणी लागलं म्हनं. उचल आता लिंब्याला वर. लई येळ झाला, बिचारा खाली हाय."

पारूबाईच्या कानात हा हुकूम नीट पोचला. सेट चांगला होता, एक अक्षरही गळलं नाही.